मैदान कोणी बांधले, मजुरी कोणी खाल्ली?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोहून बातमी आली. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला होणार. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टन गावी सुरू झालेल्या या स्पर्धांचे शंभरावे वर्ष आपल्या वडोदऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर साजरे होणार. दुसऱ्या दिवशी शाखेत पेढे आले. मंडळाच्या पुढच्या बैठकीत अभिनंदनाचा ठराव आला, तेव्हा सूचक आणि अनुमोदक मिळायला अर्धे मिनिटही लागले नाही. आम्हीही हात वर केला. खोटे कशाला बोला, आनंद आम्हालाही झाला होता.

आता त्या ठरावाला एक परिच्छेद जोडावा, अशी आमची विनंती आहे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

खेळाला नाके मुरडणाऱ्यांतले आम्ही नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. जुम्मादादांचा आखाडा आणि प्रोफेसर माणिकरावांचे नाव ज्या गावात घराघरांत घेतले जाते, विजय हजारे ज्या संघाकडून खेळले, त्या गावची आम्ही माणसे. आमच्या वाडवडिलांनी लेझीम आणि मल्लखांब इथेच केला. स्पर्धा यायला हव्यात, मुलांनी पळायला हवे, पदके मिळायला हवीत. प्रश्न एवढाच आहे की ज्या मैदानावर ती मुले पळणार, ते मैदान बांधणाऱ्याच्या हातात त्याची मजुरी पुरी पडणार की नाही?

२६ नोव्हेंबर हा संविधान दिन. ज्या दिवशी स्पर्धा मिळाल्या त्या दिवसाचे हे महत्त्व आपल्या आनंदाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानी आले नाही. त्या संविधानात २३ वा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो आणि २४ वा अनुच्छेद चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर लावायला मनाई करतो. या दोन अनुच्छेदांचा नीट अर्थ आपल्या देशाला पहिल्यांदा कळला तो एका क्रीडास्पर्धेमुळेच. ती गोष्ट आधी सांगतो.

नऊ रुपये पंचवीस पैसे

१९८२ चे दिल्लीचे एशियाड आपल्या ज्येष्ठ वाचकांना चांगलेच आठवत असेल. आमच्यासारखे जे आज चाळिशीत आहेत, ते तेव्हा पाळण्यात होते किंवा जन्मायचे होते. पण घरातून ऐकत आलो आहोत. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. अप्पू नावाचा हत्ती घरोघरी पोचला. पी. टी. उषाने दोन रौप्यपदके मिळवली आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे धुतले. हे सगळे आठवते. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, उड्डाणपूल, खेळाडूंचे गाव, हे सगळे दोन-अडीच वर्षांत उभे राहिले, तेही आठवते. कोणी उभे केले, ते मात्र आठवत नाही. कारण ते कधी सांगितलेच गेले नाही.

राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा इथून हजारो मजूर आणले होते. आणणारे जमादार, म्हणजे आपल्याकडचे मुकादम. दिल्लीत त्या कामाची किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ही रक्कम मजुराला देत नव्हता, जमादाराला देत होता. जमादार त्यातून माणशी रोज १ रुपया आपले कमिशन कापून घेई आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे ठेवी. बायकांना तर ७ रुपयेच मिळत. कामाच्या जागी चौदा वर्षांखालची मुलेही राबत होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकडा दिसला की टक्केवारी काढायची खोड. ९.२५ मधून १ रुपया म्हणजे जवळजवळ ११ टक्के. बाईच्या मजुरीतून सव्वादोन रुपये म्हणजे २४ टक्क्यांहून जास्त. बचत खात्यावर पाव टक्का व्याज कमी झाले तर आपण काउंटरवर येऊन भांडतो. इथे पोटाला लागणाऱ्या मजुरीतला चौथा हिस्सा रोज उडत होता. भांडायला काउंटरच नव्हते.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने तीन समाजशास्त्रज्ञांना त्या जागांवर पाठवले. त्यांनी पाहणी केली, अहवाल लिहिला आणि संस्थेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र पाठवले. नुसते पत्र. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले.

सरकारी बाजूचा युक्तिवाद काय होता, तो ऐकण्यासारखा आहे. म्हणे, हे मजूर आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. ज्यांची तक्रार आहे ते मजूर आलेले नाहीत, ही तिसरीच संस्था कोण? आणि मुलांबाबत म्हणाल तर १९३८ च्या बालकामगार कायद्याच्या यादीत बांधकाम हा धंदाच नाही! देशाची प्रतिष्ठा म्हणून ज्या स्पर्धेचे ढोल वाजत होते, तिच्या पायाखालच्या माणसांबद्दल शासनाचे हे म्हणणे. स्टेडियम देशाचे, मजूर मात्र ठेकेदाराचे.

न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल दिला. एशियाडला तेव्हा दोन महिने उरले होते. निकालाचा गाभा असा: माणूस किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबतो तेव्हा तो राजीखुशीने राबत नसतो. त्याच्या पाठीशी चाबूक नसेल, पण भूक असते. भुकेची सक्ती ही सक्तीच. म्हणून किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे वेठबिगारीच आहे आणि २३ व्या अनुच्छेदाचा भंग आहे. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, तेव्हा यादीत असो नसो, तिथे मूल दिसता कामा नये. आणि ठेकेदार मध्ये घातला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. याच निकालात न्यायालयाने आणखी एका गोष्टीवर खेद व्यक्त केला. कामगार कायदे मोडणाऱ्यांना खालची न्यायालये दोनेकशे रुपयांचा किरकोळ दंड करून सोडून देत होती. ठेकेदाराच्या खतावणीत एवढी रक्कम किरकोळ खर्चाच्या खात्यावर टाकली तरी चालते.

आणखी एक तपशील आमच्या मनातून जात नाही. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी संसदेने १९७९ साली स्वतंत्र कायदा केला होता. तो दिल्लीत लागू झाला १९८० साली. पण त्याखालचे नियम झाले जून १९८२ मध्ये. म्हणजे काम चालू असताना कायदा कागदावर, आणि नियम आले तेव्हा मैदानाला रंग लावून होत आलेला.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. त्यानंतर ७६ वर्षांनी देशाच्या राजधानीत, देशाच्या गौरवाच्या बांधकामावर शाळेच्या वयाची पोरे घमेली उचलत होती. अभिमान बाळगायचा तर दोन्ही गोष्टी एकदम आठवाव्यात.

खेळाडूला निदान नाव असते

खेळातले मानवी हक्क म्हटले की आपल्यासमोर खेळाडू उभा राहतो. ते चूक नाही. २०२३ साली देशाला पदके मिळवून दिलेल्या महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर आठवडेच्या आठवडे बसल्या होत्या आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत गाडीत घातलेले आपण सर्वांनी पाहिले. कुस्तीच्या गावातल्या माणसांना ते पाहून लाज वाटली असेल अशी आमची समजूत आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पण त्या मुलींना निदान नाव होते. कॅमेरे त्यांच्याकडे वळले. ज्याने स्टेडियमच्या छताखाली पालाट बांधली, त्याचे नाव हजेरीच्या वहीतसुद्धा धड नसते. 'रामसिंग व इतर ६' अशी नोंद आम्ही पाहिली आहे. या लेखात आम्ही त्या 'इतर ६' बद्दल बोलत आहोत.

२०१०: पुन्हा तेच

१९८२ चा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मग पुढच्या वेळी तरी सुधारणा व्हायला हवी होती. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीतच राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. मधल्या २८ वर्षांत बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा खास कायदाही झाला होता. तरीही तीच संस्था आणि तिच्यासोबत इतर संघटना पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने समिती नेमली, तिच्यात माजी राजदूत अरुंधती घोष होत्या. समितीने जागेवर जाऊन पाहिले आणि तेच लिहिले जे १९८२ साली लिहिले गेले होते. किमान मजुरी नाही, ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, नोंदणी नाही, राहण्याच्या जागा माणसांच्या म्हणाव्यात अशा नाहीत.

आणि आपण काय करत होतो? आम्ही स्वतःचे सांगतो. आम्ही चार हजार रुपयांच्या टॉयलेट पेपरच्या बातम्या चघळत होतो. शाखेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत तोच विषय. भ्रष्टाचार म्हणजे मोठ्यांनी मोठ्यांचे खाल्लेले पैसे, एवढीच आपली व्याख्या. मजुराच्या रोजच्या पन्नास-साठ रुपयांना आपल्या व्याख्येत जागा नव्हती. त्या पैशांचा ना कोणी घोटाळा म्हणून उल्लेख केला, ना संसद बंद पाडली.

कतार: आकडे नीट वाचा

तिसरी गोष्ट समुद्रापलीकडची, पण मेलेली माणसे आपलीच. डिसेंबर २०१० मध्ये कतारला २०२२ चा फुटबॉल विश्वचषक मिळाला. आठ मैदानांपैकी सात कोरी करकरीत बांधायची होती. शिवाय मेट्रो, रस्ते, हॉटेले. बांधणारे हात भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका इथले. तिथे कफाला नावाची पद्धत होती. ज्याने व्हिसा दिला तो तुमचा कफील. त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नाही, देश सोडता येत नाही. पासपोर्ट बऱ्याचदा त्याच्याच कपाटात. इकडे गावात एजंटाला द्यायला काढलेले कर्ज चढत असते. हा जमादारच, फक्त अंगात पांढरा झगा आणि हातात मोटारीची किल्ली.

'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये छापले की विश्वचषक मिळाल्यापासून दहा वर्षांत या पाच देशांचे ६,५०० हून अधिक स्थलांतरित कतारमध्ये मरण पावले. त्यांत २,७११ भारतीय. हा आकडा जगभर 'स्टेडियमवर मेलेले' म्हणून फिरला. ते बरोबर नाही. हे सगळ्या प्रकारच्या स्थलांतरितांचे, सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू आहेत. दुसऱ्या टोकाला कतारच्या आयोजन समितीचा आकडा होता: स्टेडियमच्या कामावर तीन अपघाती मृत्यू आणि ३७ 'कामाशी संबंध नसलेले'. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच समितीच्या प्रमुखाने एका मुलाखतीत विश्वचषकाशी निगडित सर्व कामांसाठी चारशे ते पाचशे असा अंदाज सांगून टाकला.

तीन, चाळीस, चारशे, साडेसहा हजार. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही तर आम्हाला घरी जाऊ देत नाहीत. इथे माणसे जुळत नाहीत आणि स्पर्धा पार पडते. हिशेब न जुळण्याचे कारणही माहीत आहे. अनेक धडधाकट तरुणांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले 'नैसर्गिक' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून'. हृदयक्रिया तर प्रत्येक मेलेल्याचीच बंद पडते. ती का पडली, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दहा तास उभे राहून पडली काय, याचा शोध नाही. शोध नाही म्हणून कामाशी संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणून भरपाई नाही. एक रकाना भरायचा टाळला की पुढचे सगळे रकाने आपोआप शून्य होतात. ही युक्ती आम्हा कारकुनांना लवकर कळते.

त्याच कतारमध्ये उन्हाळा खेळाडूंना सोसणार नाही म्हणून २०१५ साली विश्वचषक जून-जुलैमधून काढून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला गेला. खेळणाऱ्यांसाठी जगाचे वेळापत्रक हलले. बांधणाऱ्यांसाठी उन्हातले कामबंदीचे तास थोडे वाढले, तेही २०२१ साली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो पत्रकारांना म्हणाले की आज आपल्याला स्थलांतरित कामगार असल्यासारखे वाटते आहे. त्या स्पर्धेत संघांना वाटलेल्या बक्षिसांची रक्कम होती ४४ कोटी डॉलर. तेवढीच रक्कम कामगारांच्या भरपाईसाठी बाजूला काढा, अशी मागणी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मे २०२२ मध्ये केली होती. असा निधी निघाला नाही. नुसते वाटण्याला पैसे पडत नाहीत.

मात्र न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जगाने टोचले म्हणून कतारने २०२० साली कायदे बदलले. नोकरी बदलायला मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सर्वांना किमान वेतन लागू केले. अंमलबजावणी अर्धवट राहिली, हे खरे. पण विचारले म्हणून फरक पडला, हेही तितकेच खरे. वेळेवर विचारले असते तर जास्त पडला असता. आम्ही आज, २०३० च्या आधी, का विचारतो आहोत त्याचे उत्तर यात आहे.

आमच्या काउंटरवरून

काही लोक म्हणतील, तो जमाना गेला. आता मजुरी खात्यात जमा होते, मुकादम कापणार कुठून?

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाखेत एक इसम पासबुके छापायला आला. रबरबँड लावलेली नऊ पासबुके, त्याखाली नऊ एटीएम कार्डे. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर चार आकडे. आम्ही विचारले, खातेदार कुठे आहेत? तो म्हणाला, "साहेब, ते साइटवर आहेत. इकडे आले तर खाडा पडतो, त्यांचंच नुकसान." आम्ही पासबुके परत केली आणि खातेदारांना पाठवा म्हणून सांगितले. तो हसला आणि बाहेर एटीएमच्या खोलीत गेला. काउंटरला नियम असतो. एटीएमला कार्ड आणि चार आकडे पुरतात.

पुढच्या आठवड्यात त्यांतली एक बाई स्वतः आली. दाहोदकडची, कडेवर मूल. तिला फक्त एवढेच विचारायचे होते की तिच्या खात्यात किती पैसे 'येतात'. किती आहेत, हे नव्हे. किती येतात. आम्ही सांगितले. तिने तो आकडा दोनदा म्हणून पाहिला, मूल दुसऱ्या कडेवर घेतले आणि निघून गेली. तिच्या हातात त्यातले किती पडत होते ते ती बोलली नाही. आम्ही कार्ड बंद करून नवीन देऊ म्हटले, तर म्हणाली, मग काम कोण देईल?

त्या बाईच्या प्रश्नात १९८२ चा सगळा निकाल आहे. चाबूक नाही, साखळी नाही. 'मग काम कोण देईल' एवढेच आहे. खाते उघडले म्हणून वेठ संपत नाही, ती फक्त वहीतून कार्डात जाते. आणि आम्ही? आम्ही नियमाप्रमाणे वागलो आणि पाच वाजता घरी आलो. त्या दिवशी आम्ही वरच्या कोणाला एक ओळही लिहिली नाही, ही आमची चूक आहे आणि ती इथे छापून कबूल करतो.

एक टक्का

बांधकाम मजुरांसाठी पैसे नाहीत, असेही नाही. १९९६ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. हजार कोटींचे काम असेल तर दहा कोटी. त्यातून मजुरांची औषधे, मुलांच्या शिष्यवृत्त्या, अपघाताची मदत व्हायची. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक जमा होते आणि खर्च झाले होते जेमतेम ९,५०० कोटी. म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे.

पैसे पडून का राहतात? कारण लाभ मिळायला मजुराची नोंदणी लागते. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. पुरावा देणार कोण? तोच ठेकेदार, जो हजेरीवर नाव चढवत नाही. आमच्या कडियानाक्यावर सकाळी सात वाजता जाऊन पाहा. दाहोद, छोटाउदेपूर, झाबुआ इथली माणसे थापी-करणी घेऊन उभी असतात. त्यांतल्या कितींच्या खिशात मजुराचे नोंदणी कार्ड आहे, ते विचारा. एका रविवारी आम्ही विचारले. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

आता कायद्याची घडीही नवी आहे. ग्लासगोच्या बातमीच्या बरोबर पाच दिवस आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. किमान वेतनाचा १९४८ चा, परराज्यातल्या मजुरांचा १९७९ चा, बांधकाम मजुरांचा १९९६ चा असे जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्यांत चांगलेही आहे. किमान वेतनाचा हक्क सर्वांना आहे, नियुक्तिपत्र द्यायचे आहे. पण या संहिता संसदेने मंजूर केल्या २०१९ आणि २०२० साली, आणि लागू व्हायला २०२५ उजाडले. १९७९ चा कायदा आणि १९८२ चे नियम आठवतात ना? मैदान चार वर्षांत उभे राहायचे आहे. कायदा साइटवर पोचायला किती वर्षे घेणार?

आक्षेप आणि उत्तरे

आमच्या मित्रांनी घेतलेले तीन आक्षेप इथेच निकालात काढतो.

पहिला: हा विरोधी पक्षाचा राग आहे. नाही. १९८२ साली दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते, २०१० सालीही होते. कतारात राजे आहेत. गुजरातेत आणि केंद्रात आज भाजप आहे. मुकादमाने या सर्वांच्या काळात सारखेच कापले. त्याला पक्ष नाही, आणि म्हणून आम्हालाही या बाबतीत नाही.

दुसरा: मजूर आपल्या खुशीने येतात, गावी तेवढेही मिळत नाही. याला उत्तर न्यायमूर्ती भगवतींनी देऊन ठेवले आहे. शिवाय किमान मजुरी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती कायद्याने ठरवलेली सगळ्यात खालची पायरी आहे. तिच्याखाली उतरल्यावर खुशीची भाषा शोभत नाही.

तिसरा आक्षेप मोठ्याने कोणी बोलत नाही, पण तोच खरा आहे. आपण मराठी माणसे, परप्रांतात राहतो, कशाला यात पडा? मंडळी, आपण पाहुणे कधीपासून झालो? पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ आपण या गावात आहोत. इथली विहीर, इथला गणपती, इथले महापालिकेचे मतदान आपले. गुजराती आपण घरातल्यासारखे बोलतो. हक्क सांगताना आपण 'जुने रहिवासी' आणि बोलायची वेळ आली की 'परप्रांतीय' हा दुटप्पीपणा आहे. आणि घाम गाळायला आलेल्या त्या दाहोदच्या बाईपेक्षा तर आपण इथे नक्कीच जास्त भक्कम उभे आहोत. आपण नाही बोलणार, तर ती बोलणार आहे काय?

ठरावाला जोडायचा परिच्छेद

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत अभिनंदनाच्या ठरावाला पुढील मागण्या जोडाव्यात आणि तो ठराव गुजरातीत करून राज्य सरकारला, स्पर्धेच्या आयोजकांना आणि आपल्या खासदार-आमदारांना पाठवावा, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत.

१. स्पर्धेसाठीच्या प्रत्येक बांधकामाच्या दारावर त्या दिवशीची किमान मजुरी, ठेकेदाराचे नाव आणि तक्रारीचा फोन नंबर गुजराती आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावावा. पुरुष आणि बाई यांना एकच आकडा.

२. मजुरी थेट मजुराच्या खात्यात जावी. कार्ड आणि पासबुक मुकादमाजवळ सापडले तर ठेकेदाराचे बिल अडवावे.

३. पहिल्या दिवशी हजेरी, त्याच दिवशी मजूर म्हणून नोंदणी. उपकर किती जमला आणि किती खर्च झाला ते दर सहा महिन्यांनी वर्तमानपत्रात छापावे.

४. जिथे बायका कामाला आहेत तिथे पाळणाघर. चौदा वर्षांखालचे मूल कामावर दिसता कामा नये.

५. प्रत्येक अपघात आणि प्रत्येक मृत्यू, कारणाच्या पुऱ्या नोंदीसह, जाहीर व्हावा. 'नैसर्गिक' हा शब्द डॉक्टरी तपासणीशिवाय लिहू नये.

यात एकही मागणी नवी नाही, एकही कायद्याबाहेरची नाही. १९८२ पासून हे सगळे कुठे ना कुठे लिहिलेले आहे. आपण फक्त आठवण देत आहोत.

आणि नुसता ठराव करून आपण चहा पिऊन घरी जाऊ नये म्हणून आणखी एक. आपल्या मंडळात बँकवाले पुष्कळ आहेत, काही निवृत्त, काही आमच्यासारखे चालू. महिन्यातून दोन रविवारी सकाळी सात ते नऊ कडियानाक्यावर टेबल टाकून बसायचे. पासबुक वाचून दाखवायचे, कार्डाचा नंबर कसा बदलायचा ते शिकवायचे, नोंदणीचे अर्ज भरून द्यायचे. याला परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही. गुजराती लिहिता येणारी चार माणसे लागतात. तिघे तयार आहेत.

आपल्यातले काही जण नवे फ्लॅट बांधून घेत आहेत, काहींच्या सोसायटीचे दुरुस्तीकाम चालू आहे. सरकारला विचारण्याआधी आपल्या ठेकेदाराला विचारा. आम्ही गेल्या वर्षी सोसायटीचे प्लास्टर करून घेतले तेव्हा सिमेंटच्या गोण्या मोजल्या, माणसे मोजली नाहीत. पुढच्या वेळी दोन्ही मोजू.

२०३० साली आपली मुले-नातवंडे अहमदाबादला सामने पाहायला जातील. आम्हीही जाऊ. भारताने पदक मिळवले की उभे राहून टाळ्या वाजवू. त्या वेळी पायाखालच्या पायरीकडे बघायची लाज वाटू नये, एवढीच आमची इच्छा आहे. चौथा माणूस कोण, ते सभेच्या दिवशी सांगावे.